मोजदाद

आज सकाळी सतरा.
काल तेवीस होत्या, त्यातल्या नऊ अजून फ्रिजमध्ये,
दोन दुधाच्या पातेल्यावर आडव्या,
एक देवघरात. का, ते मला विचारू नका,
सरोजिनीने ठेवली आहे.

बिया फक्त चार लावल्या होत्या.
देवळाली गावच्या सोमवारच्या बाजारात
म्हातारी म्हणाली होती, चारांतली एखादीच धरते, दादा.
चारही धरल्या.

एकतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात मोजणीला.
शंभराचं बंडल आधी अंगठ्याला कळायचं, मग डोक्याला.
आणि संध्याकाळी फाटकावर शिपाई
खिसे, डबा, चपला, टोपीची घडी,
उरलेल्या पोळीचीसुद्धा घडी उलगडून बघायचा.
कागदाचा कपटा कधी बाहेर आला नाही माझ्याबरोबर.
आता जेलरोडच्या या पंधरा बाय दहाच्या परसात
जे आहे ते सगळं माझं
आणि कुणालाच नको.

कोशिंबीर झाली.
खमंग काकडी झाली, दाण्याचं कूट संपेपर्यंत.
धपाटे झाले; किसाचं पिळलेलं पाणी कणकेत गेलं.
मोहरी फेसून लोणचं, सालींची तीळ घालून चटणी.
देवरुखच्या वहिनींनी फोनवर तवसळी सांगितली:
रवा, गूळ, खोबरं, आणि हळदीचं पान हवंच हं.
हळदीचं पान बिटको चौकात कोण देणार,
केळीच्या पानावर भागवलं.
चांगली झाली. तेच चुकलं.
तीन दिवस तीच.
नात डोळ्यांवर चकत्या ठेवून निजली
आणि उठल्यावर मीठ लावून त्याच खाल्ल्या.
एक पिकून पिवळी पडली, तिच्या बिया राखेत घोळून वाळत घातल्या,
मग ध्यानात आलं
मी पुढच्या वर्षाची तयारी करतोय.

कडू निघाली तर देठाकडचं टोक कापायचं
आणि त्याच टोकाने घासत राहायचं, फेस येईस्तोवर.
कडवटपणा असा निघतो, आई म्हणायची.
निघतो की आपण दमतो
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गल्लीत मला पाहून आता दारं लागतात.
बेंडकुळे वहिनी गेटमधूनच म्हणाल्या,
आहेत हो भाऊ घरात, तुम्हीच दिलेल्या.
दसकच्या गोठ्यात पिशवीभर नेल्या.
म्हशीने तीन खाल्ल्या,
चौथी तोंडात धरून
माझ्याकडे बघत राहिली.

मग मी चोर झालो.
पहाटे साडेपाच, फिरायला जातो म्हणून,
दोन खिशांत, एक बाहीत, एक कानटोपीत,
दोन पायमोज्यांत, पोटरीला धरून.
शिपाई जिथे जिथे चाचपायचा
त्या सगळ्या जागा मला पाठ.
पिंगळे सरांच्या स्कूटरच्या हुकाला पिशवी.
दूधवाल्याच्या किटलीच्या कानाआड एक.
कोपऱ्यावरच्या एटीएमच्या खोलीत,
मशीनच्या डोक्यावर, नीट शेजारी शेजारी, दोन.
आतल्या नोटा कदाचित
माझ्या अंगठ्याखालून गेलेल्या.
कॅमेऱ्याकडे पाहून मी नमस्कार केला.
छाती अशी धडधडत होती
जशी नोकरीत एकदाही धडधडली नाही.

परवा परत आलो तर
आपल्याच गेटला पिशवी.
कापडी, गाठ मारलेली, चिठ्ठी नाही.
आत सात.
आमच्या नव्हेत या: बुटक्या, फिकट रेघांच्या,
अंगावर बारीक काटे.
म्हणजे आणखी कुणाच्यातरी परसात
चारही धरल्या आहेत
आणि तोही पहाटे उठतो.

सरोजिनीला सांगितलं नाही.
ओट्यावर ओळीने मांडून मोजल्या,
मग उलट्या बाजूने पुन्हा,
बंडल दोनदा मोजायचं असतं.
सातच.
एकीचं टोक कापलं, घासलं.
फेस आला नाही.
उभ्याउभ्याच खाल्ली, मीठ न लावता.